शब्दचर्चा : धर्मनिरपेक्ष, निधर्मी, सर्वधर्मसमभावी

प्रश्न : हे तीन शब्द लेखांत आणि भाषणांत सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. ते समानार्थी आहेत का? आणि हिंदीतला ‘पंथनिरपेक्ष’ मराठीत का नाही?

उत्तर : समानार्थी मुळीच नाहीत. पहिला शब्द राज्याचा, दुसरा माणसाचा आणि तिसरा वृत्तीचा.

निरपेक्ष म्हणजे कशावर अवलंबून नसलेला. मताधिकार किंवा सरकारी पद मिळणं माणसाच्या धर्मावर अवलंबून नसेल, तर ते राज्य त्या बाबतीत धर्मनिरपेक्ष. यात धर्माला विरोध कुठे आला? निधर्मी मात्र तो, ज्याला धर्म नाही किंवा जो धर्म मानत नाही. नेमाने पूजा करणारा किंवा पाच वेळा नमाज पढणारा माणूस धर्मनिरपेक्ष राज्याचा कट्टर पुरस्कर्ता असू शकतो. निधर्मी तो असू शकत नाही. म्हणूनच ‘निधर्मी राज्य’ हा प्रयोग टाळावा, असं माझं ठाम मत आहे. श्रद्धावान माणसाला त्यातून उगाचच वाटतं की हे राज्य आपलं नाही.

सर्वधर्मसमभाव सुंदर आहे, पण तो मनाचा गुण आहे. गांधीजींच्या आश्रमाच्या एकादश व्रतांत ‘सर्वधर्मी समानत्व’ हे एक व्रत होतं. व्रत आपण होऊन घ्यायचं असतं, कायद्याने कुणावर लादता येत नाही.

फरक नेमका कुठे पडतो ते एका अनुदानित शाळेत बघा. मुख्याध्यापक उदार मनाचे आहेत. परिपाठाला ते आळीपाळीने हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध अशा सगळ्या प्रार्थना म्हणवून घेतात. हा समभाव झाला, आणि त्यांचा हेतू निर्मळ आहे. आता एका मुलीचे पालक कळवतात, आमच्या घरी कुठलीच प्रार्थना होत नाही, तिला यातून वगळा. ‘आम्ही तर सगळ्यांच्याच म्हणतो, मग अडचण काय?’ हे समभावाचं उत्तर. ते त्या मुलीच्या कामाचं नाही. तिच्या पाठीशी उभं राहतं राज्यघटनेचं कलम २८(३) : राज्याने मान्यता किंवा अनुदान दिलेल्या शाळेत धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. सगळ्या धर्मांना सारखा मान देऊनही एखादं माणूस बाहेर राहू शकतं, आणि धर्मनिरपेक्षतेला त्याचीही काळजी असते. बहुधर्मीय समाजात मला हा शब्द जपावासा वाटतो तो याचसाठी.

‘पंथनिरपेक्ष’विषयी. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत ‘सेक्युलर’ आला. हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’ आहे, मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’. (संविधान सभेचे सदस्य के. टी. शहा यांनी तिथे १९४८ मध्येच ‘सेक्युलर’ हा शब्द सुचवला होता, डॉ. आंबेडकरांनी ती दुरुस्ती स्वीकारली नाही.) ‘धर्म’ म्हणजे कर्तव्य, राज्याने त्याबाबत निरपेक्ष कसं राहायचं, हा आक्षेप नेहमीचा. शेजारधर्म, राजधर्म, गुणधर्म हे शब्द बघता तो अगदीच पोकळ नाही. पण मराठी कानाला पंथ म्हणजे महानुभाव पंथ, नाथ पंथ. धर्माच्या आतली एखादी वाट. ‘पंथनिरपेक्ष’ म्हटलं की राज्य एका धर्माच्या पंथापंथांत निःपक्ष आहे, एवढंच ऐकू येतं.

पुरवणी प्रश्न : मग ‘इहवादी’?

उत्तर : तो विचारसरणीसाठी ठेवावा. जॉर्ज होलिओक या विचारवंतांनी इंग्लंडमध्ये १८५१ मध्ये ‘सेक्युलॅरिझम’ हा शब्द रूढ केला, तो इहलोकीचे प्रश्न इहलोकीच्या अनुभवाने आणि बुद्धीने सोडवावेत या अर्थाने. तिथे इहवाद चपखल बसतो. आपल्या राज्यघटनेच्या कलम २५(२) मधल्या ‘सेक्युलर’चा अर्थ आणखी वेगळा : धर्माचरणाशी जोडलेले पण स्वतः धार्मिक नसलेले व्यवहार. देवस्थानचा जमाखर्च धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली येतो, तो याच अर्थाने. तिथे मी ‘लौकिक’ वापरेन.