सातवीच्या लेकरांना कोडिंग सेन्सरवरून शिकवावं का नुसतं स्क्रीनवर?

सातवीची बाई, लातूर जिल्हा: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आलंय, म्हणून स्क्रॅचपासून (स्क्रीनवर ठोकळे जोडून कोडिंग शिकायचं सॉफ्टवेअर) सुरुवात केली, पण स्क्रीनवरची मांजर चालवून चालवून लेकरं दोन तासांत कंटाळली. मग एक आर्डुइनो (सेन्सर जोडून कोड चालवायचा छोटा बोर्ड) आणि मातीची ओल बघायचा सेन्सर आणला. कोरड्या मातीत आकडा हजाराच्या वर, अन् पाणी ओतलं की भसकन खाली आला. एक पोरगी म्हणली, "बाई, हे तर उलटंच हाय!" अख्खा तास त्यावरच गेला. ओलीतून वीज सहज जाते म्हणून व्होल्टेज उतरतं, आणि बोर्ड ० ते ५ व्होल्ट हे ० ते १०२३ अशा आकड्यांत वाचतं. मग "आकडा ७०० च्या वर गेला तर दिवा लाव" हे त्यांनी स्वतःच सांगितलं, 'जर-तर' मला शिकवावं लागलंच नाही. माझं ठाम मत आहे की या वयात कोडिंग हाताला लागलं पाहिजे.

परभणीकर शेतकरी: ताई, तुमची तळमळ दिसायलीय, पण माझं लेकरू सातवीत आहे अन् त्याला तीन अंकी भागाकार येईना. आधी ते करून घ्या की. सोयाबीन काढणीत निम्मा वर्ग रानात असतो, दुपारी लाईट नसती, त्यात हे कधी बसवणार? आमच्याकडं एका शाळेत अटल लॅब (सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) आली, म्हणे वीस लाखांपर्यंतचं अनुदान असतं, पण मी तीनदा गेलो अन् तिन्ही वेळेस कुलूपच. ओल बघायला आम्ही मूठभर माती दाबून बघतो.

नांदेडचा इंजिनिअर: मी पण विरोधातच, पण कारण वेगळं. स्क्रीनवर चूक झाली तर ती कोडमधेच असते. सेन्सर लावला की वायर ढिली, का प्रोब (सेन्सरचा मातीत खोचायचा भाग) गंजला, का कोड चुकला, हे बारा वर्षांच्या पोराला कळणार कसं? त्या स्वस्तातल्या प्रोबला सतत करंट दिला तर तो काही दिवसांत खराब होतो. अन् आपली काळी माती वाळली की भेगाळते, प्रोब भेगेत राहिला तर आजूबाजूला ओल असूनही कोरडंच दाखवतो.

सातवीची बाई: सर, अगदी हेच झालं आमच्याकडं! आदल्या दिवशी पाणी दिलेला वाफा अन् आकडा कोरड्याचा. दोन दिवस पोरं कोडच तपासत बसली, शेवटी एकानं प्रोब उपसून दोन बोटं बाजूला खोचला. तीच पोरं आता आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाहीत, अन् मला हेच पाहिजे होतं. प्रोबला आता फक्त वाचायच्या वेळेला करंट देतो.

बीडचे गुरुजी: वायरींचीच भीती असंल तर मायक्रोबिट बघा, सेन्सर आतच असलेला छोटा बोर्ड. ब्रिटनमधे २०१६ ला साधारण दहा लाख बोर्ड सातवीच्याच पोरांना फुकट दिले होते, तापमान-उजेड-हालचाल सगळं त्याच्यातच मोजता येतं. मात्र आपल्याकडं चाळीस पोरांत एक बोर्ड असंल तर दोघं करतात अन् बाकीचे बघत बसतात, याचं काय करता?

सातवीची बाई: पाच-पाचचे गट, पाळ्या लावल्यात. कमीच पडतंय, मान्य. पण भाऊ, भागाकाराचं म्हणाल तर दहा वेळा वाचून सरासरी काढावी लागते, एका रीडिंगवर भागत नाही.

परभणीकर शेतकरी: ती सरासरी बोर्ड काढतंय का लेकरू, ते आधी सांगा.

सातवीची बाई: आधी वहीत. वहीतली अन् बोर्डवरची जुळली तरच दिवा लावायला मिळतो.