प्रत्युत्तर: प्रत्युत्तर: तूरडाळ तेलाची की कोरडी? शुक्रवारपर्यंत सांगा

बेबीताई:
मंडळी, आपल्या सगळ्यांची मिळून किराण्याची ऑर्डर शुक्रवारी रात्री जाणार. वाटप अण्णांच्या गराजमध्येच. तांदूळ, पोहे, रवा यांवर कुणाची तक्रार नाही, घोडं अडलंय तूरडाळीवर. गोणी एकच येणार, तेव्हा एकमत करा. आणि घरातले डबे बघून मगच आकडा कळवा, गणपतीनंतर झालं तसं नको.

नाना, प्लेन्सबोरो:
तेलाचीच. न्यू जर्सीचा जुलै-ऑगस्ट म्हणजे कोकणच, कोरड्या डाळीत बघता बघता पोरकिडे होतात. आमची आई वर्षाची डाळ एरंडेल चोळून पिंपात भरायची, दिवाळीपर्यंत एक किडा दिसायचा नाही.

माई:
नाना, डाळ चोळायची तुमच्या आईने आणि धुवायचीही त्यांनीच! तेलाची डाळ गरम पाण्याने दोन-तीनदा चोळून धुवावी लागते, नाहीतर वरणाला वास येतो. कोरडी घ्या, घरी आणली की हवाबंद पिशवीत भरून चार दिवस डीप फ्रीझरमध्ये शून्य फॅरनहाइटला ठेवा, किडे अंड्यांसकट मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आत पाणी सुटून बुरशी धरते. घरातल्या तापमानाला आली की डब्यात. कणकेलाही हेच, पण कणीक जास्त घेऊच नका, गव्हाच्या अंकुरातलं तेल खवट होतं.

नाना, प्लेन्सबोरो:
आणि फ्रीझर फुकट चालतो का? जून २०२५ पासून इथली बिलं १७ ते २० टक्क्यांनी चढली आहेत. डाळीत वाचवायचं आणि विजेत घालवायचं.

माई:
फ्रीझर आमच्याकडे मटारांसाठी चालूच असतो.

खजिनदार:
डाळीवर मत नाही. दोन गोष्टी मात्र स्पष्ट करतो. पैसे मंडळाच्या खात्यातून जाणार नाहीत, बेबीताईंना थेट पाठवा. आणि मंडळाचा एसटी-५, म्हणजे सेल्स टॅक्स माफीचा फॉर्म, कुणी मागू नये. तो संस्थेच्या खरेदीसाठी असतो, आपल्या घरच्या डाळीसाठी नाही. तसाही न्यू जर्सीत किराण्यावर सेल्स टॅक्स लागत नाही, मग हा विषय दर वेळी कोण काढतं?

अण्णा:
गराज द्यायला माझी ना नाही. गाड्या मात्र शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेसमोर लावू नका. पण मी म्हणतो, हा खटाटोप कशाला? तेल आणि तुपासाठीचं लोणी कॉस्टको या घाऊक दुकानातून सगळ्यांसाठी मीच आणतो ना.

बेबीताई:
अण्णा, आणता, उपकार आहेत. पण त्यांच्या एक्झिक्युटिव्ह कार्डावर खरेदीचे दोन टक्के परत मिळतात, ते कुणाच्या खात्यात जातात?

अण्णा:
माझ्या! कार्ड माझं, १३० डॉलर मी भरतो, उचलायचे डबे माझ्या पाठीवर. साध्या कार्डापेक्षा वरचे ६५ वसूल व्हायलाच वर्षाला ३,२५० डॉलरची खरेदी लागते. हवं तर आपापलं कार्ड काढा.

नाना, प्लेन्सबोरो:
घाऊक खरेदीवरून आठवलं. जुलै २०२३ मध्ये भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली तेव्हा याच लिस्टवर एकाने सोनामसुरीच्या दहा पिशव्या घेतल्याचं अभिमानाने लिहिलं होतं. बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली. त्या पिशव्यांचं काय झालं, ते त्याने लिहिलं नाही.

माई:
नाव घ्या की नाना, खजिनदारच ते.

खजिनदार:
सगळा संपवला. शेवटच्या दोन पिशव्यांच्या चकल्या केल्या. विषयावर या.

लिस्टवर नवीन, एडिसन:
नमस्कार. मला फक्त पाच पौंड तूरडाळ हवी आहे, चालेल का? आणि तेलाची डाळ म्हणजे नक्की कोणतं तेल?

माई:
चालेल हो. देशी पद्धतीत एरंडेल. विकतच्या पिशवीत मात्र कोणतं ते पाठीमागे वाचून घ्या, वेगवेगळं असतं.

बेबीताई:
कोरडीला सात, तेलाला चार, बाकी गप्प. कोरडी मागवते. नाना, तुमची आठ पौंड धरू की तुम्ही दुकानातून घेताय?

नाना, प्लेन्सबोरो:
धरा. एरंडेल घरी आहे.