परदेशात समुद्रकाठच्या रोड ट्रिपमध्ये बास मासा गरवायला (गळाने धरायला) थांबलात का? अनुभव लिहा (फजिती पण चालेल)

गरवैया

मंडळी, गणपती झाले की आम्ही पाच जण इंग्लंडला निघतोय. मी, बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि आई-बाबा. भाड्याची गाडी घेऊन डॉर्सेटपासून कॉर्नवॉलपर्यंत समुद्राच्या कडेकडेने, नऊ दिवस. अनंत चतुर्दशीला विसर्जन, दुसऱ्या दिवशी विमान. मला तिकडचा बास गरवायचाय. गरवायला मी मालवणला आत्याकडे शिकलो, बडोद्यात कुठे गरवणार, विश्वामित्री नदीत गळ टाकला तर मासा नाही मगर येईल.

आत्ता प्लॅन असाय की नकाशावर साधारण दर तीस किलोमीटरवर एक बीच मार्क केलाय, हॉटेलं बुक व्हायची बाकी आहेत, आणि बायकोने सांगून टाकलंय की नऊ दिवसांतले दोन दिवस तुझे, बाकीचे आमचे, त्यात वाळूत उभं राहून तुझ्याकडे बघत बसायचं नाही. मग किती थांबे घ्यावेत, लायसन लागतं का, रॉड इथून न्यावा का तिकडे घ्यावा, आणि आई-बाबांना त्या वेळात कुठे बसवायचं? कोणत्याही देशाचा अनुभव चालेल. यूट्यूबवर सगळ्यांना मासा मिळतो, ज्यांना मिळाला नाही त्यांनी पण लिहा ने.

दांडियाबाजारवाला

भाऊ, दर तीस किलोमीटरवर बीच हे आधी खोडून टाक. आम्ही २०२४ च्या ऑगस्टमध्ये हाच रस्ता केला आणि हीच चूक केली. चेसिल बीचला पोचलो भर दुपारी बारा वाजता, कडक ऊन, पाणी काचेसारखं, ओहोटी लागलेली. तीन तास फेकत होतो, हाताला गोळे आले, मासा सोडा, शेवाळ पण नाही आलं. चेसिल म्हणजे वाळू नाही हां, २९ किलोमीटर नुसते गोटे, चालताना पाऊल मागे घसरतं, आणि कड एकदम उतरती आहे त्यामुळे लाट परतताना पायाखालचे गोटे ओढून नेते. मुलीला पाण्याच्या कडेला बिलकुल सोडू नकोस.

संध्याकाळी आमिष घ्यायला एका दुकानात शिरलो तर म्हाताऱ्या दुकानदाराने पहिला प्रश्न केला, भरती किती वाजता आहे माहितीये का? मी म्हटलं नाही. तो हसला पण नाही, नुसतं भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं. बास भरतीच्या पाण्याबरोबर काठाला येतो, लाटांनी उकरलेले किडे-खेकडे खायला, आणि त्यातून पहाट किंवा तिन्हीसांजेचा अंधुक उजेड असेल तर बेस्ट. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला एकटाच उठून गेलो, रबरी सँडईल (बारीक माशासारखं खोटं आमिष) लावली, आणि पाऊण तासात रॉडचं टोक दोनदा टुकटुक हललं नि मग एकदम वाकलं. काढला तर चांदीच्या पत्र्यासारखा मासा, पाठ निळसर करडी. आनंदाच्या भरात मुठीत धरायला गेलो आणि पाठीच्या पराचा काटा अंगठ्यात गेला तो गेलाच, कल्ल्याच्या झाकणाची कड पण ब्लेडसारखी असते. रक्त पुसत पुसत टेप लावला, ३९ सेंटीमीटर. तिथे ४२ च्या खालचा ठेवता येत नाही. सोडला. दिवसाला माणशी दोनच ठेवायची मुभा होती तेव्हा, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तर एकही नाही, पकडून सोडायचा फक्त. हे नियम दरवर्षी नव्याने ठरतात म्हणून निघायच्या आधी सरकारी साइट बघ.

लायसनचं म्हणशील तर इंग्लंडात समुद्रावर गळ टाकायला लागत नाही, नदी-तळ्याला लागतं. गाडी पण आपल्यासारखी डाव्या बाजूने. आम्ही परतलो आणि थोड्याच दिवसांत बडोद्यात पूर, सोसायटीच्या गेटात मगर. तेव्हा शेजारी म्हणाले आता टाका गळ!

मी_शाकाहारी

एक बेसिक शंका. पैसे खर्च करून एवढ्या लांब जायचं, चार वाजता उठायचं, मासा पकडायचा, मोजायचा आणि परत पाण्यात सोडायचा. मग पकडायचा कशाला?

दांडियाबाजारवाला

@मी_शाकाहारी तुम्ही गरबा खेळून नऊ रात्रींनी कुठे पोचता?

पाणबुड्या

आमचं आयर्लंड. केरी काउंटीत इंच नावाचा बीच आहे, नाव इंच आणि लांबी पाच किलोमीटर. लाटेतून बास गरवायचा तर हा फेमस. आपण डॅशिंग, तिथे बीचवर गाडी नेऊ देतात म्हटल्यावर भाड्याची गाडी थेट पाण्याजवळ नेऊन लावली, डिकी उघडी, सासरे फोल्डिंग खुर्चीत, थेपले-छुंदा बाहेर, एकदम जलसा. वारा असा की फेकलेली लाइन कमान होऊन परत अंगावर येत होती. तेवढ्यात बायको ओरडली, अहो चाक बघा. मागे वळून बघतो तर भरतीचं पाणी गाडीच्या मागच्या बाजूने पन्हळीतून फिरून आलेलं आणि मागची चाकं वाळूत अर्धी गेलेली. एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरने ओढून काढली, पैसे घेईना, शेवटी सासऱ्यांनी त्याच्या हातात लिल्या (ओल्या) चिवड्याचं पाकीट कोंबलं. त्याने तिथेच फोडून खाल्लं आणि म्हणाला गोड आहे की तिखट नक्की काय आहे हे. गाडी भाड्याने देणाऱ्यांनी नंतर मिठाचं पाणी लागलं म्हणून डिपॉझिटमधून बरेच कापले, विमा वाळूवर लागू नसतो हे बारीक अक्षरात होतं, आमचीच चूक. तर गरवैयादादा, गाडी डांबरावर लावा, चालत जा.

एक गंमत सांगतो, आयर्लंडमध्ये बासची धंदेवाईक मासेमारी १९९० पासून बंद आहे. म्हणजे हॉटेलात जो बास मिळतो तो बहुतेक बाहेरून आलेला, पाळलेला. अस्सल जंगली खायचा तर स्वतः धरावा लागतो, आणि धरलेला विकता येत नाही. हे मला फार आवडलं. बास वाढतो पण हळू, ४२ सेंटीमीटर व्हायलाच सहा-सात वर्षं जातात, म्हणून एवढं कौतुक. तुझी मुलगी दुसरीत गेली असेल तेवढं वय त्या माशाचं.

कोलंबीभात

मी गरवत नाही, मी गरवणाऱ्याची बायको, त्यामुळे माझा अनुभव तुमच्या बायकोसाठी. मुलगा बोस्टनला असतो, जूनमध्ये केप कॉडला गेलो होतो. तिथे एक कालवा आहे, समुद्राचं पाणी त्यातून सहा तास एकीकडे धावतं आणि मग सहा तास उलटं, नदीसारखं, भोवऱ्यांसकट. काठाला पक्का रस्ता, सायकलवाले, बाक. आमच्या सीकेपी घरात माशाचं प्रेम सांगायला नको, यांनी दहा डॉलर भरून परमिट काढलं (साठीच्या वरच्यांना फुकट असतं पण काढावं लागतंच, यांना एकोणसाठ, दोन महिन्यांनी चुकलं म्हणून दिवसभर चिडचिड).

रात्री अडीचला उठवलं मला. पहाटे यांच्या गळाला स्ट्राइप्ड बास लागला, अंगावर काळ्या रेघा ओढल्यासारखा, वीस मिनिटं ओढाताण, आजूबाजूचे चार अनोळखी लोक मदतीला धावले. मी मनातल्या मनात वाटण काढलं, आलं-लसूण-मिरची-कोथिंबीर. मोजला तर ३३ इंच. आणि ठेवायची परवानगी २८ ते ३१ मधल्याच एका माशाला! छोटा सोडायचा हे समजू शकते मी, पण मोठा सोडायचा हे पहिल्यांदा ऐकलं. मुलगा म्हणाला आई, मोठ्या असतात त्या बहुतेक माद्या, लाखोंनी अंडी घालतात, म्हणून. पटलं, पण वाटण वाया गेलं ते गेलंच. त्या दिवशी घरी अंड्याचा रस्सा.

आता कामाचं. थांबा निवडताना मासा नंतर, आधी तीन गोष्टी बघा: स्वच्छ टॉयलेट, पाठ असलेला बाक, आणि चालत जाण्याइतकं चहाचं दुकान. या तीन असल्या की आई-बाबा चार तास तक्रार करणार नाहीत. आणि बायकोला पहाटे उठवू नका, एकट्याने जा, नाश्त्याच्या वेळेला परत या, आंघोळ करून. वासाचं सांगायला हवं का.

तिथीवाचक

वरच्या सगळ्यांच्या फजितीत एकच कारण आहे, नकाशा बघितला, पंचांग नाही बघितलं. आपल्या कोकणात जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, तीनच्या सुमारास भरती. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो म्हणून भरती पण रोज तेवढी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, पाणी कमी चढतं कमी उतरतं. बडोदेकरांना हे वेगळं सांगायला नको, कावी-कंबोईला स्तंभेश्वराचं दर्शन घ्यायला आपण भरती विचारूनच निघतो, नाहीतर देव पाण्यात आणि आपण काठावर.

फक्त पाऊणपटीचं घड्याळ तिकडे चालणार नाही. मुंबईला उधाणाची भरती दुपारी-मध्यरात्री बाराच्या आसपास येते, तर तुमच्या वाटेवरच्या प्लिमथकडे उधाणाची भरती सकाळ-संध्याकाळी सहा-सातच्या आसपास. म्हणजे तुमच्या फायद्याचं, उधाणाच्या दिवसांत चढतं पाणी आणि पहाट-संध्याकाळचा अंधुक उजेड एकत्र येतात. भांगाच्या दिवसांत उलटं, भरती दुपारी आणि मध्यरात्री. तुम्ही अनंत चतुर्दशीनंतर निघताय म्हणजे पौर्णिमा सुरुवातीलाच, आणि सप्टेंबरचं उधाण वर्षातल्या मोठ्यांपैकी. तर मासे पहिल्या तीन-चार दिवसांत उरका, डॉर्सेट-डेव्हनमध्ये. अष्टमीपर्यंत कॉर्नवॉलला पोचाल तेव्हा रॉड गुंडाळा आणि कुटुंबाला फिरवा. आधी तिथी, मग बीच, मग हॉटेल, या क्रमाने. नेमक्या वेळा ब्रिटिश ॲडमिरल्टीच्या ईझीटाइड साइटवर बघा, पुढच्या सात दिवसांच्या फुकट दिसतात.

खंडेराव_मार्केट

ऑस्ट्रेलियाचा अनुभव, सिडनीहून मेलबर्न, प्रिन्सेस हायवेने. मुलांच्या सुट्ट्या म्हणून मे महिना धरला आणि तिथेच माती खाल्ली. न्यू साउथ वेल्समध्ये ऑस्ट्रेलियन बासला १ मे ते ३१ ऑगस्ट बंदी, कारण तो नदीत राहतो आणि हिवाळ्यात अंडी घालायला खाडीत उतरतो, आणि आपला उन्हाळा म्हणजे त्यांचा हिवाळा. हे मला कळलं कधी, तर तीन दिवसांच्या मासेमारी फीचे सात डॉलर ऑनलाइन भरून झाल्यावर. मग नरूमाला वॅगोंगा खाडीत फ्लॅटहेड धरले, चपटे, बदसूरत, चवीला एक नंबर. एअरपोर्टवर वापरलेला रॉड-रीळ फॉर्मवर लिहून द्या, आम्ही दिला, त्यांनी बुटाच्या तळव्याची माती बघितली आणि सोडलं.

रॉड चार तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड घ्या, बॅगेत बसतो. गळ चेक-इनमध्येच. आणि इंग्रजांचा बास म्हणजे आपल्या जिताड्याचा लांबचा भाऊ समजा, रवा लावून तळा.

सयाजीगंज_एक्सप्रेस

कॅलिफोर्निया, दोन ओळीत. हायवे वनवर दरडी कोसळून रस्ता बंद होतो, बघून जा. सार्वजनिक पिअरवरून (पाण्यात गेलेल्या धक्क्यावरून) समुद्रात गळ टाकायला लायसन लागत नाही, किनाऱ्यावरून लागतं, त्यामुळे घरच्यांसोबत पिअरच बरा. पॉइंट लोबोससारख्या राखीव जागी गळ बाहेर पण काढू नका.

गरवैया

सगळ्यांचे आभार, काल रात्री जेवणानंतर हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं घरात. कोलंबीभात काकू, बायकोने तुमचा प्रतिसाद स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. बारा थांब्यांचे तीन झाले, तिन्ही पहिल्या चार दिवसांत, तिन्ही ठिकाणी बाक आणि चहा आहे हे मुलीने सॅटेलाइट नकाशावर झूम करकरून शोधलं.

तिथीवाचक, तुमचं उधाणाचं सगळं बरोबर, पण पंचांग उघडलं आणि आईने पुढची ओळ वाचली. पौर्णिमेनंतर पितृपक्ष. म्हणजे ऐन उधाणात घरात मासा शिजणार नाही, लंडन असो की लोणावळा. मी म्हटलं आई, तिकडे पकडून सोडतात पण. तर म्हणाली मग पकड की, सोडायला कोण नको म्हणतंय. बाबा म्हणाले पण मोजायचा मात्र नीट. आज ते स्वतः मंगळबाजारात जाऊन शिंप्याचा टेप घेऊन आले आणि ४२ वर लाल नेलपॉलिशची रेघ मारली. आता विचारतायत शेपटीसकट का शेपटी सोडून?

दांडियाबाजारवाला

काका, शेपटीसकट. नाकाच्या टोकापासून.