शब्दचर्चा : दुष्काळ, टंचाई, तुटवडा की उपासमार?

प्रश्न (लक्ष्मीपुरी, कोल्हापूर) :
आमच्या वाचनकट्ट्यावर 'युद्ध आणि अन्न' या विषयाचं भित्तिपत्रक चाललंय. युक्रेनच्या चौकटीत एका मुलीनं 'जगात गव्हाचा दुष्काळ' असं लिहिलं आणि तिथंच वाद सुरू झाला. आमच्या धान्य बाजारात आम्ही 'माल तुटला' म्हणतो. ते इथं चालेल का?

प्रतिसाद (राजारामपुरी) :
दादा, चालेल काय, तोच नेमका शब्द आहे. दुष्काळ म्हटलं की पाऊस नाही, पीक नाही. 1972 चा तो दुष्काळ. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियानं हल्ला केला तेव्हा युक्रेनच्या कोठारांत धान्य होतं, पण काळ्या समुद्रातली बंदरं बंद झाली. जुलैत संयुक्त राष्ट्रं आणि तुर्कस्तान यांनी मध्ये पडून इस्तंबूलला करार घडवला, तेव्हा कुठं जहाजं हलली. साधारण वर्षभरात सुमारे 3.3 कोटी टन धान्य बाहेर पडलं आणि जुलै 2023 मध्ये रशियानं अंग काढून घेतलं. माल होता, वाट तुटली. म्हणून तुटवडा.

टंचाई म्हणजे गरजेपेक्षा कमी असणं, मग कारण काहीही असो. पाण्याची असते, चाऱ्याची असते. सरकारी कागदावर दुष्काळ म्हणायचं टाळायचं असलं की 'टंचाईसदृश परिस्थिती' लिहितात, हे आपण सगळ्यांनी वाचलंय.

मला खरं खटकतं ते वेगळंच. ऑगस्ट 2024 मध्ये सुदानच्या झमझम छावणीत आणि ऑगस्ट 2025 मध्ये गाझात तज्ज्ञांनी 'फॅमिन' असल्याचं सांगितलं. मराठीत त्याचं 'दुष्काळ' झालं. असं लिहिलं की दोष आपोआप आभाळाकडं जातो. तिथं लढाई आणि अडवलेली मदत हे कारण आहे. उपासमार म्हणा. त्या शब्दातच 'मार' आहे. बंगालमध्ये 1943 साली लाखो माणसं गेली, तीसुद्धा निव्वळ पीक बुडालं म्हणून नव्हे. युद्धकाळात भाव भडकले आणि मजुराच्या हातात तांदूळ घ्यायला पैसा उरला नाही, हे अमर्त्य सेन यांनी सविस्तर मांडलंय.

प्रतिसाद (शिरोळ) :
ताईंचं पटलं. पण बेगमी राहिली की! आमच्याकडं उन्हाळ्यात ज्वारीला कडक ऊन द्यायचं, कडुलिंबाचा वाळला पाला मिसळायचा आणि कणगीत भरून तोंड शेणानं लिंपायचं. चटणी वर्षाची एकदाच कांडून आणायची. शब्द फारसी 'बे-गम'वरनं आलाय, म्हणजे काळजी नसणं. 'अन्नसुरक्षा' म्हटलं की 2013 चा कायदा आणि रेशनवरचे माणशी 5 किलो आठवतात. बेगमी म्हटलं की घर आठवतं.

आणि देशही बेगमी करतात. मार्च 2022 च्या उष्म्यानं आपला गहू भरला नाही, म्हणून 13 मे रोजी केंद्रानं निर्यात थांबवली. त्याच्या थोडं आधी इंडोनेशियानं पामतेल अडवलं होतं. त्यांच्या दृष्टीनं ती बेगमी, पण इथं फोडणी महागली. आपला गहू थांबला तेव्हा बाहेर कुणाची तरी भाकरी महागलीच असणार.

प्रतिसाद (राजारामपुरी) :
काका, मग बेगमी आणि साठेबाजी यांत फरक काय करायचा? मी असा करते : खायला ठेवली ती बेगमी, भाव चढेपर्यंत दाबून ठेवली ती साठेबाजी. शाहू महाराजांनी 1896-97 च्या दुष्काळात स्वस्त धान्याची दुकानं काढली, ती गरिबाला व्यापाऱ्याच्या भावावर सोडायचं नाही म्हणूनच. रेशनच्या पाटीवर आजही 'स्वस्त धान्य दुकान' असंच असतं.

प्रश्नकर्ता :
ठरलं. युक्रेनवर 'तुटवडा', सुदान आणि गाझावर 'उपासमार'. बेगमीला वेगळी चौकट देतो. 13 मेच्या बंदीला बेगमी म्हणायचं का, यावर मुलांना भांडू दे. त्यांची उत्तरं इथं टाकतो.