नेब्युलायझरचा कप उकळायचा की नाही?

अण्णांना (वडील, वय 72) दिवसातून तीनदा नेब्युलायझर (कपातल्या औषधाचं धुकं करून मास्कमधून देणारं मशीन) लागतो. सोलापूरच्या पूर्व भागात लूमवर जॉबर (कामगारांवरचा मुकादम) होते, छाती तिथंच खराब झाली. महिनाभरापासून दहा मिनिटांत संपणाऱ्या औषधाला पंचवीस मिनिटं लागताहेत. कपातल्या बारीक भोकाशी पांढरं साचलंय. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, तोवर बोअर. गिझरमध्ये धरतं तेच हे पांढरं.

रविवारी बायकोनं सगळं किट पातेल्यात उकळलं. कप ठीक, मास्क पापडासारखा वाकडा. दुकानदार म्हणतो उकळायचं नसतं, डॉक्टर म्हणतात उकळा. मी टाचणीनं भोक मोकळं करायला बसलो तर अण्णांनी हात धरला. "नोझलात टाचणी घालणारं पोरगं मी खात्यात ठेवलं नसतं."

जुळे सोलापूर
पांढरं व्हिनेगर आणि गरम पाणी निम्मं-निम्मं, अर्धा तास भिजवा. आमच्या पोराचा कप तसाच मोकळा झाला.

जुना कंपाउंडर
अण्णा बरोबर आहेत. भोक मोठं झालं की थेंब मोठे पडतात. 5 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचे बरेचसे घशातच अडकतात, छातीत पोचत नाहीत.

व्हिनेगरनं क्षार जाईल. जंतूंसाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका, ते काम वेगळं. लोक याला 'वाफ' म्हणतात ना, घोळ तिथंच होतो. हे थंड धुकं आहे, त्यात काही मरत नाही. कपात जे वाढलं ते थेट फुप्फुसात.

कान-नाक-घशाच्या दवाखान्यात घशाचा स्प्रे असायचा, काचेचा, धातूच्या नळीचा. तो ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेनं जंतू मारणारं भांडं) 121 डिग्री, 15 पौंड दाब, पंधरा-वीस मिनिटं. रबरी फुगा आधी काढून ठेवायचा. घरी एवढं नको. दर वेळी उरलेलं औषध फेकून कप साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा, झटका, स्वच्छ फडक्यावर सुटा वाळू द्या. रोज एकदा पाच मिनिटं उकळा, पण किटच्या कागदावर चालतं असं लिहिलं असेल तरच. नसेल तर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाच मिनिटं, किंवा 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये अर्धा तास. पेरॉक्साइडच्या बाटलीवरचे टक्के वाचा, जास्त असेल तर पातळ करावं लागतं. यातून काढल्यावर उकळून गार केलेल्या पाण्यानं खळबळा. बोअरचं नको, परत पांढरं धरेल. जारचं पाणी उकळून घ्या.

मऊ मास्क उकळू नका. नळी धुवायची नाही. आत ओल दिसली तर नुसतं मशीन दोन-तीन मिनिटं चालवा.

होटगी रोड
कप दोन घ्या, एक वाळेपर्यंत दुसरा. आणि कंपाउंडरकाका, मशीनचा हवा गाळणारा फिल्टर सांगायचा राहिला की.

प्रश्नकर्ता
दोनदा व्हिनेगरमध्ये भिजवला. आज अण्णांनी स्वतः घड्याळ लावलं, अकरा मिनिटं. कागदावर कप उकळायला चालतो असं बारीक अक्षरात लिहिलंय, मास्कवर फुली आहे. हा कागद आम्ही खोक्यासकट माळ्यावर टाकला होता.

होटगी रोडवाले, फिल्टर काढला. मूळचा पांढरा असतो हे दुकानात नवा पाहिल्यावर कळलं. अण्णा जुना हातात घेऊन बराच वेळ बघत बसले होते.