पापाची क्षमा मिळाली, पण लाज का जात नाही?

वास्कोची_नगरकर
नमस्कार सगळ्यांना. मी मूळची नगरची, आमचं घराणं पणजोबांपासून ख्रिस्ती, आता नोकरीमुळे वास्कोला असते. माझा घटस्फोट झालाय. नवरा मारायचा, बाकीचं इथे लिहीत नाही. कोर्टाचं सगळं मार्गी लागलं पण इथल्या चर्चच्या मंडळीत अजून कोणालाच माहीत नाही, मिस्टर कुठे असतात असं कोणी विचारलं की मी विषय बदलते, रविवारी उपासनेला शेवटच्या बाकावर बसते आणि आशीर्वाद झाला की चहाला न थांबता निघते. आई फोनवर एकच सांगते, कोणाला बोलू नको, धाकटीचं लग्न व्हायचंय.

तर प्रश्न असा आहे की पापांच्या क्षमेवर माझा पूर्ण विश्वास आहे, पण यात मी पश्चात्ताप नेमका कशाचा करू? मार मी खाल्ला. तरी प्रार्थनेला बसलं की तोंडातून 'प्रभू क्षमा कर' एवढंच येतं, आणि उठल्यावर लाज तशीच्या तशी. प्रभू ही लाज काढतो का? काढतो तर कशी? प्लीज नुसती बायबलची वचनं पाठवू नका, वचनं मला पाठ आहेत.

विश्वास_वीर
ताई, प्रभूवर पूर्ण भरवसा असेल तर लाज राहूच शकत नाही. कुठेतरी विश्वास कमी पडतोय. उपास धरा, बायबलमधलं रोमकरांस पत्र ८:१ रोज मोठ्याने म्हणा आणि मागचं सगळं विसरून जा. देव बरं करेल.

केडगावची_आजी
वीर, तुझा हेतू चांगला आहे बाळा, पण असं सांगू नकोस रे. आधीच खाली घातलेल्या मानेवर अजून एक ओझं कशाला ठेवायचं, की तुझा विश्वासही कमी? रोम आठमध्ये ख्रिस्तात असलेल्यांना दंडाज्ञा, म्हणजे शिक्षेचा हुकूम, नाही असं म्हटलंय. दंडाज्ञा दोषी माणसाला असते. या मुलीने दोष केलाच कुठे?

पोरी, तू वचनं नको म्हणालीस तरी एक गोष्ट सांगतेच, लूकच्या शुभवर्तमानातल्या १३ व्या अध्यायातली. अठरा वर्षं कुबड आलेली बाई, तिला अगदी सरळ उभं राहता येत नव्हतं. ती सभास्थानात, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनेच्या जागी आली होती, शब्बाथाच्या, त्यांच्या विसाव्याच्या पवित्र दिवशी, म्हणजे देवाचं करत होतीच. येशूने तिला पाप विचारलं नाही, पश्चात्ताप कर म्हटलं नाही. सगळ्यांदेखत जवळ बोलावलं, हात ठेवले, ती सरळ झाली. सभास्थानाचा अधिकारी चिडला तेव्हा येशूने तिला अब्राहामाची कन्या म्हटलं, त्याच लोकांसमोर. आणि शेवटी लूक लिहितो की त्याचे विरोधक लज्जित झाले. मला या उताऱ्यात हेच सगळ्यात मोठं वाटतं, लाज त्या बाईच्या अंगावरून निघाली आणि जिथे जायला हवी होती तिथे गेली. तुझी लाज मारणाऱ्याची आहे. तू दुसऱ्याच्या वस्तूबद्दल क्षमा मागत बसलीयेस, मग ती जाणार कशी?

डिचोलीकार
आजींना अनुमोदन. मी कॅथलिक, डिचोलीचा, प्रायमरी मराठीतून झाली म्हणून इथे लिहितो. ताई तुम्ही प्रॉटेस्टंट असाल पण आमच्याकडेही हेच चालतं. माझ्या मावसबहिणीचं असंच झालं, घटस्फोटानंतर तिने कम्युनियन, म्हणजे उपासनेतला पवित्र भाकरीचा प्रसाद, घेणंच सोडलं, मिसाला म्हणजे त्या उपासनेला जायची आणि सगळे रांगेत उठले की ही एकटी बाकावर. तिला वाटायचं आता आपल्याला चालत नाही. मग एका फादरना जाऊन विचारलं तर ते म्हणाले, घटस्फोट झाला एवढ्यावरून चर्च कम्युनियन बंद करत नाही, दुसरं लग्न केलेलं नसेल तर तुला कसली अडचण? इतकी वर्षं कोणी तिला हे सांगितलंच नव्हतं! गोव्यात अजून कितीतरी बायका अशा बसून असतील.

दुसरं, कुमसाराबद्दल, म्हणजे पाद्रीपुढे पापांची कबुली देण्याबद्दल. कुमसारात सांगितलेलं पाद्री बाहेर फोडू शकत नाही, फोडलं तर तो स्वतः बहिष्कृत होतो, त्यामुळे तोंड उघडायला ती जागा चांगली. पण जे पाप नाही ते पाप म्हणून सांगू नये हेही तेच फादर तिला बोलले. नुसतं बोलायचं असेल तर वेगळी वेळ मागून बसायचं.

आणि ताई, कायदा बघा. गोव्याबाहेर लागू असलेल्या भारतीय घटस्फोट कायद्यात २००१ ची दुरुस्ती होईपर्यंत, निदान कागदावर, ख्रिस्ती बायकोला घटस्फोटासाठी नुसती मारहाण सिद्ध करून भागत नव्हतं, सोबत नवऱ्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागायचा. म्हणजे कितीतरी आया-आज्यांना सुटायची वाट जवळजवळ नव्हतीच, म्हणून त्या गप्प राहिल्या, आणि ते गप्प राहणं आपण संस्कार समजलो.

वास्कोची_नगरकर
आजी, ते दुसऱ्याच्या वस्तूचं वाक्य वाचून मी ऑफिसात रडले. पण मग करायचं काय? डोक्याला पटलं तरी रविवारी पाय दाराकडेच वळतात.

केडगावची_आजी
वळू देत, पायांना वेळ लागतो. तुला आमच्या केडगावचं, पुणे जिल्ह्यातल्या मुक्ती मिशनचं सांगते. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, त्यात बालविधवा होत्या, आणि ज्यांना लोक बिघडलेल्या म्हणायचे अशा बायकांसाठी त्यांनी कृपासदन वेगळं उभं केलं. नुसत्या प्रार्थना करवल्या नाहीत, शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायकांच्या हातात दिलं, रमाबाईंनी मराठीत केलेलं बायबल तिथल्याच छापखान्यात त्याच बायकांनी छापलं. ज्यांची सावली नको होती त्यांच्या हातचं शास्त्र घरोघर गेलं. एकटीने खोलीत बसून लाज जात नाही गं, ती माणसांनी दिलेली असते म्हणून माणसांमध्येच उतरते, आणि ख्रिस्त मंडळी देतो ते त्यासाठीच. तोही वेशीबाहेर, उघडा करून, लोकांच्या नजरेसमोर टांगला गेला. इब्रीकरांस पत्रात लज्जा तुच्छ मानून असं म्हटलंय ते याचंच. त्याला तुझं वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

सगळ्या मंडळीला सांगायची काही गरज नाही. एकच बाई निवड, जी दुसऱ्यांच्या घरचं तुला येऊन सांगत नाही अशी. तिला आधी सांग, आणि पुढच्या रविवारी तिच्याशेजारी बस. आईशी भांडू नको, पण धाकटीचं लग्न तुझ्या गप्प राहण्यावर अडलेलं नाही हे तिला एकदा स्पष्ट सांग.

डिचोलीकार
आणि रात्री झोप लागत नसेल, मार आठवून दचकत असाल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्री आहे, बांबोळीला आयपीएचबी या मानसोपचाराच्या सरकारी हॉस्पिटलातही दाखवता येतं. प्रार्थना करणाऱ्याने डॉक्टरकडे जाऊ नये असं कुठे लिहिलंय?

विश्वास_वीर
आजी, कुबड आलेल्या बाईचा उतारा आत्ता परत वाचला. ताई, माझं वरचं उत्तर धरू नका. वास्कोतच असाल तर आमच्या मंडळीत माझी आई बायकांची सभा घेते, ती इकडचं तिकडे करणारी नाही. हवं तर मेसेज करा, तिचा नंबर देतो.

वास्कोची_नगरकर
मेसेज केलाय.