लहान विमानाला पक्ष्याची धडक बसल्यास वैमानिकाने काय करावे?

प्रश्न : विद्यार्थी वैमानिक, ऐरोली

मी ऐरोलीची असून सध्या खानदेशात सेसना १७२ विमानावर प्रशिक्षण घेत आहे. अलीकडेच माझ्या एका सहाध्यायाच्या विमानाला उड्डाणानंतर वर चढत असताना घार धडकली. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला पोचा पडला होता आणि पंखाला आधार देणाऱ्या दांड्याच्या सांध्यात तपकिरी पिसे अडकली होती. तो तत्काळ परतला. मात्र विमान व्यवस्थित उडत असताना सराव अर्धवट सोडण्याची गरज नव्हती, असे काहींचे मत आहे. एकट्याने उड्डाण करताना असा प्रसंग आल्यास काय करावे?

उत्तर : निवृत्त उड्डाण प्रशिक्षक, वाशी

परतणेच योग्य होते. विमान वेगात सरळ उडते आहे, एवढ्यावरून ते उतरतानाच्या कमी वेगातही तसेच उडेल असे मानता येत नाही. या विमानाची वेग मोजण्यासाठीची पिटो नळी आणि स्टॉलची (पंखाची विमान उचलून धरण्याची शक्ती अचानक ढासळण्याची) सूचना देणारे छिद्र ही दोन्ही डाव्या पंखावरच असतात. त्यामुळे तुम्ही सांगता तशा धडकेनंतर वेगदर्शकाचा आकडा आणि स्टॉलचा भोंगा, दोहोंकडे संशयानेच पाहावे लागते. पंखाची कड चेपली असेल तर तो पंख नेहमीपेक्षा अधिक वेगातच स्टॉल होऊ शकतो, आणि ही गोष्ट जमिनीपासून ५० फुटांवर कळून काहीच उपयोग नसतो.

विमान अजून धावपट्टीवर असेल आणि पुढे पुरेशी लांबी शिल्लक असेल, तर थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारी कळ) बंद करून थांबावे. हवेत असाल तर आधी विमान सांभाळा, वेग राखा आणि टॉवरशी नंतर बोला. कमी उंचीवर इंजिन बंद पडल्यास धावपट्टीकडे वळण्याचा मोह टाळून समोरच्याच मोकळ्या जागेत उतरावे. तशा वळणात अनेकांनी प्राण गमावले आहेत. इंजिन चालू आहे पण थरथरते आहे, अशा वेळी कंपन सर्वांत कमी होईल इतके इंजिनाचे फेरे कमी करावेत.

नियंत्रण ठीक वाटत असेल तर पुरेशी उंची घेऊन वेग टप्प्याटप्प्याने उतरण्याच्या वेगापर्यंत कमी करून पाहावा. विमान जेथे एका बाजूला झुकू लागेल, त्याहून अधिक वेगातच उतरावे. पंखाला इजा दिसत असेल तर फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची खाली झुकणारी पट्टी) न वापरता लांब धावपट्टी निवडणे मला अधिक सुरक्षित वाटते.

प्रश्नकर्ती

सर, आभारी आहे. विंडशील्डच फुटले तर?

उत्तर : निवृत्त उड्डाण प्रशिक्षक, वाशी

वाऱ्याचा झोत आणि आवाज एवढा असतो की काही क्षण काहीच सुचत नाही. खाली वाकून उपकरणफलकाच्या आडोशाला यावे आणि वेग कमी करावा, पण स्टॉलपासून पुरेसे अंतर राखूनच. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ११० नॉटवरून ७५ नॉटवर आल्यास तो निम्म्याहूनही कमी होतो. हेडसेट काढू नये. डोळ्यांवर चष्मा असणे येथे फार मोलाचे ठरते.

उत्तर : विमान देखभाल अभियंता, कळवा

उतरल्यावर इंजिन बंद करा आणि तपासणी होईपर्यंत ते पुन्हा चालू करू नका. बाहेरून किरकोळ वाटणाऱ्या पोच्यामागे आतली रिब (पंखाची फासळी) वाकलेली असू शकते. पक्ष्याचे अवशेष इंजिनाच्या आवरणातील हवेच्या मार्गात अडकले, तर थंडावा कमी होऊन सिलिंडर तापतात. इंजिनाचा पंखा (प्रोपेलर), एअर फिल्टर, पिटो नळी, बिजागऱ्या आणि ब्रेकच्या नळ्या पाहिल्याशिवाय मी तरी विमान उड्डाणयोग्य असल्याची सही करणार नाही.

एक कळकळीची विनंती आहे : डाग लगेच धुऊ नका. आधी छायाचित्रे घ्या, हातमोजे घालून पिसे पिशवीत ठेवा आणि नुकसान झालेले नसले तरी घटना कळवा. पक्ष्याची प्रजाती समजली, तरच गवत कापायचे की कचरा हटवायचा, हे विमानतळाला ठरवता येते.

उत्तर : पक्षीनिरीक्षक, नेरुळ

घारी सकाळ चढल्यावर, जमीन तापून वर उठणाऱ्या हवेवर घिरट्या घालतात. म्हणून पहाटेनंतरच्या पहिल्या तासांत त्या सहसा कमी उंचीवर असतात. कचरा आणि मांसाचे अवशेष त्यांना खेचून आणतात, म्हणूनच विमानतळाच्या १० किलोमीटर परिघात असे पदार्थ उघड्यावर टाकण्यास बंदी आहे. समोर विमान दिसल्यास पक्षी बहुधा खाली सूर मारतात; त्यामुळे वेग पुरेसा असेल तर हलकेच वर जाणे श्रेयस्कर. मात्र थव्याच्या बाबतीत हा भरवसा धरू नये. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ उतरत्या प्रवासी विमानाच्या धडकेत ३० हून अधिक फ्लेमिंगो मेले होते.